गर्भाशयमुखाच्या साध्या आजारांचे कोडिंग बाहेरून करून घेताना : एका सेवेचा सात महिन्यांचा अनुभव

पुण्यात कोणी "मला सर्व्हायकल आहे" असे म्हटले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मानेचा पट्टा उभा राहतो. आमच्या रुग्णालयात हाच शब्द रोज कागदावर येतो आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ गर्भाशयाचे मुख असा असतो. लॅटिन भाषेत सर्व्हिक्स म्हणजे मान. आपल्या वैद्यकीय परिभाषेतही या भागाला गर्भाशयग्रीवा म्हणतात, त्यामुळे मराठीत आले तरी मान काही सुटत नाही. ज्या कोडिंग सेवेचे, म्हणजे फाइल वाचून निदानाला ठरलेला सांकेतिक क्रमांक लावून देणाऱ्या संस्थेचे, हे परीक्षण आहे, तिची आमच्याकडची पहिली मोठी चूक नेमकी याच शब्दावरून झाली. अठ्ठावन्न वर्षांच्या एका बाईंच्या गर्भाशयाचे मुख पाळी गेल्यानंतर आकसून बंद झाले होते आणि आत साठलेला स्राव काढण्यासाठी त्यांना भरती केले होते. डॉक्टरांनी निदान लिहिले 'सर्व्हायकल स्टेनोसिस'. त्याचा कोड एन ८८.२. सेवेकडून आला एम ४८.०२, म्हणजे मानेतील मणक्यांच्या पोकळीचे आकुंचन. विमा कंपनीच्या टीपीएकडून, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेकडून, लगेच विचारणा झाली, की मानेचा एमआरआय अहवाल का जोडलेला नाही.

कोथरूडमधील एका छोट्या स्त्रीरोग व प्रसूती रुग्णालयात मी नोंदी आणि विमा हे दोन्ही कक्ष सांभाळते. आमच्याकडे पूर्वी नोंदींचे काम पाहणाऱ्या बाई जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० (आजारांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण, दहावी आवृत्ती) च्या जाड खंडांतून हाताने कोड शोधत असत आणि शंका आली की फाइल काखोटीला मारून सरळ डॉक्टरांच्या खोलीत जात. त्या निवृत्त झाल्यावर पूर्णवेळ माणूस नेमण्यापेक्षा बाहेरून काम करून घ्यावे असे ठरले आणि बाणेर भागातील एका संस्थेशी करार झाला. संस्थेचे नाव मी लिहीत नाही. तिच्याइतक्याच क्षमतेच्या बऱ्याच संस्था शहरात आहेत आणि मी नोंदवत असलेले गुणदोष त्यांपैकी अनेकींना लागू पडतील असा माझा अंदाज आहे.

ज्यांचा या कामाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. आरोग्य विम्याच्या प्रमाणित दावा अर्जाचे दोन भाग असतात. पहिला रुग्णाने भरायचा आणि दुसरा, म्हणजे भाग ब, रुग्णालयाने. या दुसऱ्या भागात मुख्य निदान, अतिरिक्त निदान आणि सहव्याधी यांच्यापुढे आयसीडी-१० कोड लिहावा लागतो. विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची पूर्वपरवानगी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत मिळायला हवी. ही मुदत विमा कंपनीवर असली, तरी तिचा ताण शेवटी आमच्याच खिडकीवर येतो, कारण कोड चुकला की पलीकडून प्रश्न येतो, प्रश्न आला की वेळ जातो आणि पिशवी भरून तयार बसलेला रुग्ण संध्याकाळपर्यंत खाटेवरच बसून राहतो.

वेगाबाबत या सेवेला नावे ठेवायला जागा नाही. सकाळी पाठवलेल्या फाइलचे कोड दुपारच्या चहाच्या आत परत येतात, रविवारीही कोणीतरी फोन उचलते आणि प्रति फाइल आकारला जाणारा दर आमच्यासारख्या छोट्या रुग्णालयाला परवडतो. नैसर्गिक प्रसूती, सिझेरियन, गर्भारपणातील रक्तदाब किंवा मधुमेह, अंडाशयातील गाठी, एवढेच काय गर्भाशयातील फायब्रॉइडचे आतल्या अस्तराखालचा, भिंतीतला आणि बाहेरच्या आवरणाखालचा असे तीन वेगळे कोडही ते अचूक लावतात. फायब्रॉइड गर्भाशयमुखाचा असेल तर नवखा माणूस हमखास डी २६.०, म्हणजे 'गर्भाशयमुखाची इतर साधी गाठ', हा कोड लावून मोकळा होतो. या लोकांनी तशा फाइललाही डी २५ च्याच, म्हणजे फायब्रॉइडच्या, गटात ठेवले आणि ते बरोबर होते. सदिच्छा भेटीला आलेल्या त्यांच्या विक्री प्रतिनिधीने आपली प्रणाली आयसीडी-११ साठीही सज्ज असल्याचे तीनदा सांगितले. ती आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून जगात लागू झाली हे खरे, पण आमच्यापुढचा अर्ज अजून आयसीडी-१० च मागतो, त्यामुळे त्या सज्जतेचे आम्ही नुसते कौतुक केले.

अडचण सुरू होते ती गर्भाशयमुखाच्या साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या, आजारांपाशी. दिसायला हा भाग सोपा आहे. आयसीडी-१० मध्ये एन ७२ हा दाहाचा, एन ८४.१ हा पॉलिपचा, एन ८६ हा इरोजन आणि एक्ट्रोपियनचा, एन ८७ हा डिस्प्लेशियाचा (पेशींतील असाधारण, पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणाऱ्या बदलांचा) आणि एन ८८ हा उरलेल्या दाहरहित विकारांचा कोड आहे. एवढ्या तुटपुंज्या यादीत चूक कशी होते, असे सुरुवातीला मलाही वाटले होते. पण एकाच बाईच्या फाइलमध्ये तीन माणसांनी तीन वेगळे शब्द लिहिलेले असतात. बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टर डोळ्यांनी पाहून 'इरोजन' लिहितात, पॅप तपासणी करणारे मुखावरून खरवडून घेतलेल्या पेशी पाहून 'एलएसआयएल' (पेशींत सौम्य स्वरूपाचा बदल) लिहितात आणि बायोप्सीचा तुकडा पाहणारे पॅथॉलॉजिस्ट 'दीर्घकालीन सर्व्हिसायटिस (म्हणजे मुखाचा दाह), स्क्वेमस मेटाप्लेशियासह, नाबोथियन सिस्ट' असे लिहितात. बाईंच्या घरी मात्र या सगळ्याला मिळून 'पिशवीच्या तोंडाला जखम' एवढेच म्हणतात. यांपैकी कोणता शब्द निदान मानायचा आणि कोणता नुसते निरीक्षण म्हणून सोडून द्यायचा, हे ठरवण्यासाठीच कोडिंग करणाऱ्याला पैसे द्यायचे असतात, अशी माझी समजूत आहे.

त्यातही 'इरोजन' या शब्दाने फार घोळ घातला आहे. शब्दावरून कातडी झिजून जखम झाल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात बहुतेक वेळा मुखाच्या आतल्या नलिकेचे नाजूक, लालसर अस्तर बाहेरच्या बाजूला आलेले असते आणि ते संप्रेरकांच्या प्रभावामुळे, गर्भारपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना, निरोगी स्त्रीमध्येही दिसते. वर्गीकरण करणाऱ्यांनी त्याला एन ८६ हा कोड दिला आणि सोबत एक स्पष्ट अट घातली. इरोजनबरोबर दाहही असेल तर एन ८६ लावायचा नाही, फक्त एन ७२ लावायचा, कारण एन ७२ च्या व्याख्येतच 'इरोजन किंवा एक्ट्रोपियन असो वा नसो' असे शब्द आहेत. पहिल्या दोन महिन्यांत सेवेने अशा फाइलींना दोन्ही कोड एकत्र लावले. मी दाखवून दिल्यावर त्यांनी ते मान्य केले आणि ती चूक पुन्हा झाली नाही. नाबोथियन सिस्टला एन ८८.८ कोड असतो हे मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. अशा सिस्ट म्हणजे श्लेष्मा साठलेले निरुपद्रवी फुगे असतात आणि त्यांच्यासाठी कोणाला भरती करावे लागत नाही, त्यामुळे हा कोड पहिल्या क्रमांकावर दिसला की मी फाइल पुन्हा उघडते.

चुका सांगताना एका चुकीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या एका सत्तरीच्या आजींच्या, बाहेर आलेल्या गर्भाशयमुखावर घासून घासून व्रण झाला होता. डॉक्टरांनी लिहिले 'डेक्युबिटस अल्सर'. सेवेने कोड दिला एल ८९, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीवर होणारा दाबव्रण. आजी तर गावी शेतावर जाऊन-येऊन असणाऱ्या, भरतीच्या दिवशीही दोन जिने चढून आलेल्या. खरे तर एल ८९ च्या खालीच टीप आहे, की गर्भाशयमुखावरील डेक्युबिटस व्रण इथे घेऊ नये, तो एन ८६ मध्ये जातो. म्हणजे पान उघडून पाहिले असते तर पानानेच अडवले असते. पण आता पान उघडावे लागत नाही. संगणकात शब्दाची पहिली चार अक्षरे टाकली की यादी उतरते आणि यादीतील पहिल्या ओळीवर बोट जाते. मणक्याच्या स्टेनोसिसची चूकही याच वाटेने झाली असणार. आमच्या जुन्या बाईंच्या जाड खंडांचा एक फायदा असा होता, की शोधलेल्या ओळीच्या वर-खाली काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय पान उलटता येत नसे.

संस्थेच्या कोडर मुला-मुलींशी बोलल्यावर दुसरे एक कारण लक्षात आले. त्यांतील बहुतेकांनी पुण्यातील क्लासमध्ये शिकून अमेरिकेतील सीपीसी ही परीक्षा दिली आहे आणि रात्रपाळीत अमेरिकी रुग्णालयांच्या फाइली हाताळल्या आहेत. अमेरिका १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम ही स्वतःची विस्तारित आवृत्ती वापरते. मूळ आयसीडी-१० मध्ये सुमारे चौदा हजार कोड आहेत, या आवृत्तीत सत्तर हजारांच्या आसपास, आणि दर ऑक्टोबरमध्ये त्यात बदल होतात. भारतातील नोंदींसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मूळ आवृत्ती वापरली जाते. दोन्हींची नावे इतकी सारखी आहेत, की एकीचे शिकलेला माणूस दुसरीतही चालून जाईल असे वाटते, आणि बऱ्याच कोडांबाबत तो चालतोही. संस्थेला पूर्ण दोष द्यावा असेही नाही, कारण आपल्याच दावा अर्जात निदानाच्या रकान्याखाली शस्त्रक्रियेसाठी आयसीडी-१० पीसीएस कोड मागितला आहे आणि ती पद्धत निखळ अमेरिकी आहे. म्हणजे एकाच पानावर वरचा रकाना जिनिव्हाचा आणि खालचा वॉशिंग्टनचा.

या अमेरिकी शिक्षणाचा एका ठिकाणी आम्हाला चांगला उपयोग झाला, तो आधी सांगते. पॅप तपासणीत 'एलएसआयएल' आले की आमच्याकडे पूर्वी सर्रास एन ८७.०, म्हणजे सौम्य डिस्प्लेशिया, लिहिले जाई. सेवेने पहिल्याच आठवड्यात अशी फाइल परत पाठवली. पेशींच्या चाचणीतील निष्कर्ष म्हणजे निदान नव्हे, बायोप्सीने खात्री होईपर्यंत तो केवळ असाधारण निष्कर्ष म्हणून नोंदवायचा, असे त्यांनी कळवले. त्यांनी दिलेला कोड आर ८७.६१२ होता. तो मूळ आवृत्तीत नाही, तिथे आर ८७.६ एवढाच आहे, पण विचार पूर्णपणे बरोबर होता. पॅप ही चाळणी आहे आणि चाळणीत अडकलेल्या प्रत्येक बाईला आजाराचे नाव चिकटवायचे नसते. ज्या बाईची पुढची बायोप्सी स्वच्छ येते, तिच्या विम्याच्या इतिहासात डिस्प्लेशियाची नोंद कायमची राहून गेली तर ती पुसायला कोणी बसत नाही. या एका सवयीसाठी मी संस्थेचे मनापासून आभार मानले आहेत.

मेटाप्लेशियाच्या बाबतीत मात्र त्याच शिक्षणाने दगा दिला. बायोप्सीच्या अहवालात 'स्क्वेमस मेटाप्लेशिया' हे शब्द फार वेळा असतात, कारण गर्भाशयमुखाच्या ज्या पट्ट्यात आतले आणि बाहेरचे अस्तर मिळते तिथे एक प्रकारच्या पेशींची जागा दुसऱ्या प्रकारच्या पेशींनी घेणे ही वयात आलेल्या स्त्रीच्या शरीरातील नित्याची घडामोड आहे. सेवेने अशा तीन फाइलींना एन ८७.९, म्हणजे अनिश्चित दर्जाचा डिस्प्लेशिया, असा कोड लावला. मी आक्षेप घेतल्यावर त्यांनी आयसीडी-१०-सीएमच्या अनुक्रमणिकेतील ओळ दाखवली. तिथे गर्भाशयमुखाच्या मेटाप्लेशियापुढे खरोखरच 'डिस्प्लेशिया पाहा' असे लिहिले आहे. नियमाने ते बरोबर होते आणि तरीही आमच्या डॉक्टर तो कागद पाहून चिडल्या. "मी या बाईला घरी जा, काही झालेलं नाही असं सांगितलंय, आणि तुम्ही तिला डिस्प्लेशिया देताय?" असे त्या म्हणाल्या. शेवटी त्या तिन्ही फाइलींत अहवालातील दीर्घकालीन दाह हेच निदान धरून एन ७२ ठेवला आणि मेटाप्लेशियाला वेगळा कोड दिला नाही. अनुक्रमणिका ही वाट दाखवणारी पाटी आहे. पोहोचल्यावर घर बरोबर आहे का, हे पाहण्याचे काम तिच्यावर सोपवता येत नाही, आणि अशा वेळी डॉक्टरांना एक फोन करण्याची पद्धत त्या संस्थेत तेव्हा नव्हती.

या सात महिन्यांतील सर्वांत त्रासाचा प्रसंग गंभीर डिस्प्लेशियाचा होता. एका चाळिशीच्या आतल्या बाईंचा बायोप्सी अहवाल 'सिव्हिअर डिस्प्लेशिया' असा आला होता. सीआयएन-३ (गर्भाशयमुखाच्या कर्करोगपूर्व बदलांची सर्वांत वरची पायरी) हे शब्द त्यात नव्हते. मूळ आयसीडी-१० मध्ये अशा निदानासाठी एन ८७.२ हा स्वतंत्र कोड आहे, आणि सीआयएन-३ लिहिलेले असेल तरच फाइल डी ०६ मध्ये, म्हणजे कार्सिनोमा इन सिटूच्या (वरच्या अस्तरातच असलेल्या, आत न शिरलेल्या बदलाच्या) गटात, जाते. अमेरिकी आवृत्तीत एन ८७.२ हा कोडच नाही, गंभीर डिस्प्लेशिया तिथे सरळ डी ०६.९ मध्ये घातला आहे. सेवेच्या संगणकाने एन ८७.२ स्वीकारला नसणार, म्हणून डी ०६.९ आला, आणि घाईच्या वेळी मीही तो न तपासता पुढे पाठवला. माझी ही चूक मी लपवत नाही.

टीपीएचे पत्र आले त्यात निदानापुढे 'कार्सिनोमा' हा शब्द होता. बाईंचे यजमान ते पत्र घेऊन खिडकीशी आले. आवाज चढलेला नव्हता, हात मात्र थरथरत होता. "मॅडम, डॉक्टर म्हणाल्या कॅन्सर नाही. मग हे काय लिहिलंय?" मी त्यांना आत बसवून पाणी दिले आणि डॉक्टरांना खाली बोलावले. डॉक्टरांनी अर्धा तास घालवून समजावले, की हा बदल दुर्लक्ष केल्यास पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो, म्हणून तो भाग काढून टाकायचा आहे, पण आज तो कर्करोग नाही. दरम्यान विमा कंपनीकडून आजार प्रथम कधी लक्षात आला, पूर्वीचे उपचार कोणते, आधीचे सर्व पॅप अहवाल कुठे आहेत, अशी प्रश्नावली आली आणि शस्त्रक्रिया दोन दिवस पुढे गेली.

न्याय म्हणून हेही नोंदवायला हवे, की डी ०६.९ हा कोड हवेतून आलेला नव्हता. आजचे अनेक पॅथॉलॉजिस्ट गंभीर डिस्प्लेशिया आणि कार्सिनोमा इन सिटू यांत रेघ ओढत नाहीत, दोन्हींना मिळून सीआयएन-३ किंवा एचएसआयएल (पेशींत तीव्र स्वरूपाचा बदल) म्हणतात आणि उपचारही सारखाच असतो. परंतु अहवालात जे लिहिले आहे त्यावर आणि ज्या देशाचा अर्ज आहे त्या देशाच्या आवृत्तीवर कोड ठरतो. या नावाने बाईंचा फायदा झाला असता म्हणावे, तर तोही नाही. गंभीर आजारांच्या पॉलिसीतील कर्करोगाच्या नियामकप्रणीत व्याख्येतून कार्सिनोमा इन सिटू आणि सीआयएन-१ ते सीआयएन-३ हे सर्व स्पष्ट शब्दांत वगळलेले आहे. म्हणजे भीती कर्करोगाची आणि भरपाई शून्य. सेवेने दुरुस्तीचे पत्र त्याच दिवशी दिले आणि त्या फाइलचा दर आकारला नाही. दिलगिरीचा ईमेल इंग्रजीत, साच्यातला आणि रुग्णाचे आडनाव चुकलेला होता.

आता त्यांच्या बाजूचा एक प्रसंग सांगते, ज्यात माझीच पत कमी झाली. विम्याच्या बहुतेक पॉलिसींमध्ये ठरावीक आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी असतो. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत २४ महिन्यांच्या यादीत गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया आहे आणि शिवाय 'सर्व अंतर्गत व बाह्य साध्या गाठी, सिस्ट आणि कोणत्याही प्रकारचे पॉलिप' अशी एक सरसकट ओळ आहे. आमच्याकडे आलेल्या एका बाईंच्या पॉलिसीला जेमतेम सव्वा वर्ष झाले होते आणि गर्भाशयमुखातून पॉलिप काढायचा होता. अहवालात पॉलिपबरोबर दीर्घकालीन दाहही नमूद होता. दाह त्या यादीत नाही. त्यांच्या मुलाने मला अगदी नम्रपणे विचारले, "काकू, दुसरं काही लिहिता येणार नाही का?" मी सेवेला फोन करून, आडवळणाने का होईना, एन ७२ मुख्य म्हणून लावता येईल का असे विचारले. पलीकडची मुलगी वयाने माझ्या मुलीएवढी असेल. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, ॲडमिशन पॉलिपसाठी आहे. एन ८४.१ मुख्य राहील. एन ७२ दुसरा लावते." मला ओशाळल्यासारखे झाले. दावा नाकारला गेला आणि रुग्णालयाने बिलात जमेल तेवढी सूट दिली. चुकीचा कोड पुढे उघडकीस आला असता तर खोटी माहिती दिल्याच्या कारणावरून बाईंची संपूर्ण पॉलिसीच धोक्यात आली असती, हे मला त्या क्षणी सुचायला हवे होते आणि ते त्या मुलीला सुचले.

कोल्पोस्कोपी (गर्भाशयमुख दुर्बिणीतून मोठे करून पाहण्याची तपासणी) आणि बायोप्सीच्या फाइलींबाबत सेवेने एक उपयुक्त सल्ला दिला, तो इतर छोट्या रुग्णालयांच्या कामाचा आहे. केवळ तपासणीसाठी झालेली भरती विम्यात देय नसते. नियामकाच्या प्रमाणित अपवादांत त्याला 'एक्सक्ल ०४' असा क्रमांक आहे. भरतीच्या कागदावर नुसते 'बायोप्सीसाठी' असे लिहिले आणि उपचार त्याच बैठकीत झाला असला, उदाहरणार्थ लीप पद्धतीने, म्हणजे वीजप्रवाह सोडलेल्या तारेच्या फासाने, बाधित भाग काढून टाकला असला, तरी दावा अडकतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या टिपणात प्रत्यक्ष काय केले ते पूर्ण लिहून मगच फाइल पाठवावी, असे त्यांनी सुचवले. त्यात काही लपवाछपवी नव्हती, जे घडले ते कागदावर यावे एवढाच आग्रह होता. आमच्या डॉक्टरांचे हस्ताक्षर पाहता तो आग्रह आधीच कोणीतरी धरायला हवा होता.

क्षयाच्या एका फाइलबद्दल थोडक्यात. गर्भाशयमुखाचा क्षय क्वचित दिसतो, पण आपल्याकडे दिसतो. मूळ आवृत्तीत त्यासाठी खंजीर आणि तारा अशा खुणांची जोडी आहे. ए १८.१ हा मूळ रोगाचा आणि एन ७४.० हा तो जिथे प्रकटला त्या जागेचा. सेवेने ए १८.१६ असा एकच अमेरिकी कोड दिला. दुरुस्ती एका फोनवर झाली.

गोपनीयतेबद्दल मी समाधानी नाही. करारात सुरक्षित पोर्टलचा उल्लेख आहे आणि पोर्टल आहेही, परंतु ते दुपारी हमखास रेंगाळते आणि मग कोडर मुले "मॅडम, व्हॉट्सॲपवर फोटो टाका ना" असे सुचवतात. या फाइलींत बाईंचे नाव, वय, लैंगिक संबंधांविषयीचे प्रश्न आणि एचपीव्ही (लैंगिक संबंधांतून पसरणारा विषाणू) चाचणीचा निकाल असतो. आपल्या पेठांमध्ये आणि सोसायट्यांमध्ये कोण कोणाची भाची निघेल याचा नेम नसतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे, पण मला कायद्याचीही गरज वाटली नाही. मी फोटो पाठवणे बंद केले आणि पोर्टल उघडेपर्यंत थांबायचे ठरवले. उशीर झाला तर तो त्यांच्या खात्यावर लिहून ठेवते.

गुण द्यायचेच तर प्रसूतीच्या आणि सरळ शस्त्रक्रियांच्या फाइलींसाठी मी पाचपैकी साडेचार देईन, गर्भाशयमुखाच्या फाइलींसाठी तीन. करार आम्ही पुढे चालू ठेवला आहे, पण दोन अटी घालून. पहिली अशी, की आमच्या फाइली हाताळणाऱ्यांच्या संगणकावर मूळ आयसीडी-१० उघडी असेल. ती जागतिक आरोग्य संघटनेच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते, त्यामुळे खर्चाची सबब चालणार नाही. दुसरी अशी, की गर्भाशयमुखाच्या कोणत्याही फाइलमध्ये डॉक्टरांचा शब्द आणि पॅथॉलॉजिस्टचा शब्द जुळत नसेल तर कोड लावण्याआधी लेखी प्रश्न पाठवायचा आणि आम्ही त्याच दिवशी उत्तर द्यायचे. दुसऱ्या अटीला संस्थेचे व्यवस्थापक सुरुवातीला तयार नव्हते, कारण प्रश्न पाठवला की फाइल 'प्रलंबित' दिसते आणि त्यांच्या महिन्याच्या तक्त्यात वेग कमी झालेला दिसतो. मी त्यांना टीपीएच्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा दाखवला आणि त्यांत किती दिवस गेले ते मोजायला सांगितले. त्यांनी मोजले आणि सही केली.

गेल्या बुधवारी दुपारी पोर्टलवर त्यांचा प्रश्न आला. फाइलमध्ये 'सर्व्हायकल इनकॉम्पिटन्स', म्हणजे गर्भाशयमुख सैल असणे, एवढेच लिहिले होते, मुखाला टाका घालण्यासाठी भरती होती. प्रश्न होता, "रुग्ण सध्या गरोदर आहेत का? नसल्यास एन ८८.३ लागेल, असल्यास ओ ३४.३." मी वरच्या मजल्यावर जाऊन डॉक्टरांना विचारले. चौदावा आठवडा चालू होता.